गुण, रिकामा वेळ आणि ऐकणारा

मृगबहराचीं संत्रीं बागांतून उतरलीं आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या निघून गेल्या, म्हणजे आमच्या वरूड गांवाला उन्हाळ्यापूर्वीं थोडी उसंत मिळते. हिशेब पुरे झालेले असतात. कोणास ते सुखाचे, कोणास दुःखाचे, पण पुरे झालेले असतात. अशा एका फाल्गुनांत आमच्या पुतण्यानें अमरावतीहून सात पुस्तकें आणून आमच्या पुढ्यांत ठेविलीं, आणि "काका, हीं वाचा आणि तुम्हांला काय वाटतें तें सांगा," असें म्हटलें. सातहि पुस्तकांचा विषय एकच. मनुष्यानें आपल्या ठिकाणीं दडलेले गुण कसे शोधावे, आणि नोकरी, पगार व खरेदी ह्यांच्या पलीकडचें समाधान कसें मिळवावें. त्यांतलीं पांच इंग्रजीवरून आणलेलीं आहेत, दोन स्वतंत्र म्हणविणारीं आहेत. त्यांचीं नांवें आम्ही येथें देत नाहीं. कारण त्यांपैकीं कोणत्याहि एकावर दिलेला अभिप्राय उरलेल्या सहांस तसाच लागूं पडावा, इतकीं तीं एकमेकांसारखीं आहेत.

रोगाचें निदान ह्या पुस्तकांनीं खोटें केलेलें नाहीं, हें आधींच कबूल केलें पाहिजे. वरूड, शेंदुरजनाघाट, मोर्शी ह्या टापूंत संत्र्यानें पैसा आणला. तो नेहमीं टिकला असें नाहीं. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या, बांगलादेशानें आयातीवरचा कर वाढविला तेव्हां येथले भाव खालीं आले. पण ज्या वर्षीं पैसा आला त्या वर्षीं तो कोठें गेला, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. घराला मजला चढला, दारांत हप्त्यावरची मोटार आली, आणि प्रत्येकाच्या हातांत एक एक पडदा आला. ओसरीवर बसलेलीं पांच माणसें पांच निरनिराळ्या गांवांत असल्यासारखीं बसूं लागलीं. नोकरदारांची कथा फारशी वेगळी नाहीं. तीस-बत्तीस वर्षें शाळेंत किंवा कचेरींत काढून निवृत्त झालेला मनुष्य पहिले पंधरा दिवस यात्रेचे बेत करतो, आणि सोळाव्या दिवशीं, आपण कोण आहों ह्या प्रश्नापुढें येऊन उभा राहतो. आजवर त्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या वतीनें हुद्दा देत असे. हुद्दा गेला, उत्तरहि गेलें.

परंतु औषधाकडे वळतांच आमचा विश्वास उडूं लागतो. सातहि पुस्तकांत गुणाला एकच उपमा दिलेली आहे, ती पुरलेल्या ठेव्याची. प्रत्येकाच्या अंतरंगांत एक हंडा आहे. तो कोठें आहे हें प्रश्नावल्या सोडवून ओळखावें, रोज पहाटे अर्धा तास एकांतांत बसून खणावें, आणि हंडा लागला कीं मनुष्य कृतार्थ झाला! ही उपमा मोठी मोहक आहे व तितकीच फसवी आहे. ठेवा ज्याला सांपडतो त्याचा एकट्याचा असतो. तो लपविण्यांतच शहाणपण असतें. आणि सांपडण्यापूर्वीं तो जेवढा होता तेवढाच सांपडल्यानंतरहि असतो. गुणाचें ह्यांतलें एकहि लक्षण नाहीं. गळा गाण्यानें तयार होतो. त्यापूर्वीं तो नुसता गळा असतो. दुसरें असें कीं, बाजाराच्या पलीकडे नेण्याची प्रतिज्ञा करणारीं हीं पुस्तकें बोलतात मात्र बाजाराच्याच भाषेंत. स्वतःमध्यें 'गुंतवणूक' करा, छंदाचा 'परतावा' मोजा, असे शब्द पानोपानीं आहेत; आणि एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याच लेखकाच्या तीन दिवसांच्या शिबिराची फी छापलेली आहे. खरेदीच्या रोगावर आणखी एक खरेदी, असा हा उतारा आहे.

वास्तविक हा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाहीं. पोटाच्या उद्योगापलीकडे ज्यांनीं आपल्या गुणाला वाट करून दिली अशीं माणसें आपल्याकडे झालीं आहेत, आणि त्यांची कृति आपल्यासमोर आहे. तो हंडा त्यांना कसा लागला, किंबहुना लागला तो हंडाच होता काय, हें तपासून पाहावें म्हणून आम्ही शोध घराजवळूनच सुरू केला.

आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे. महानुभावांचें तें महास्थान; आतां तेथें मराठी भाषेचें विद्यापीठहि स्थापन झालें आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या गांवीं गोविंदप्रभूंना एकदां लग्नाची लहर आली. भक्तमंडळींनीं तो सोहळा मांडला, आणि लग्न म्हटलें म्हणजे गाणीं हवींत, म्हणून महदाइसेनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. मराठीच्या आद्य कवयित्रीची कविता अशी जन्मास आली. ह्या हकीकतींत एकांत कोठें आहे? प्रश्नावली कोठें आहे? महदाइसा जिज्ञासु म्हणून पंथांत प्रसिद्ध होती, तिच्या ठिकाणीं बुद्धि होती, भाषा होती, हें सर्व खरें; पण त्या दिवशीं तिच्याकडे कोणीतरी गाणें मागितलें, आणि ऐकावयास माणसें बसलीं होतीं. तें मागणें एका लहरी महापुरुषाचें होतें आणि तो प्रसंग जवळ जवळ खेळाचा होता, म्हणून त्याचें महत्त्व कमी होत नाहीं. उलट, ज्यांत कोणाचा कांहीं लाभ नाहीं अशा खेळांतच तें शक्य झालें असेल.

त्याच रिद्धपुराशीं म्हाइंभटाचें नांव जोडलेलें आहे. चक्रधरांच्या लीळा ज्यांनीं ज्यांनीं पाहिल्या वा ऐकल्या होत्या त्यांच्याकडून त्या ऐकून घेऊन म्हाइंभटानें 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ मूलतः ऐकण्याचें काम आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत असावी तितकी ठळक झालेली नाहीं. आपण लेखकाची प्रतिभा शोधीत राहतों. म्हाइंभटाची प्रतिभा त्याच्या कानांत होती. पुढें ह्या पोथ्या सांकेतिक लिपींत बंद होऊन शतकानुशतकें मठांत राहिल्या. त्या जगापुढें आणण्यासाठीं विसाव्या शतकांत ज्यांनीं कष्ट घेतले त्यांत यवतमाळचे य. खु. देशपांडे हे एक होते, आणि ते वकील होते. अशील आणि कज्जे सांभाळून हा गृहस्थ जुन्या पोथ्यांचीं पानें उलटीत बसला. त्यांतून पैसा मिळण्याजोगा नव्हता, हें सांगावयास नकोच.

वऱ्हाडांतल्या वकिलांचा विषय निघाला म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आठवलेच पाहिजेत. सन १८७१ मध्यें नागपुरास जन्मलेल्या ह्या पुरुषानें बुलढाणा जिल्ह्यांतल्या जळगांव-जामोद येथें वकिली केली. मुंबई-पुण्याच्या नाटकमंडळ्या आणि मासिकें तेथून किती दूर, हें नकाशा न पाहतांहि कळतें. तरीहि ह्या मनुष्यानें काय केलें नाहीं? किर्लोस्कर मंडळीनें सन १८९६ मध्यें त्यांचें 'वीरतनय' रंगभूमीवर आणलें. त्यामागून 'मूकनायक', 'मतिविकार', 'प्रेमशोधन' आदि नाटकें आलीं. 'सुदाम्याचे पोहे' ह्या लेखमालेनें मराठींत विनोदी निबंधाची वाटच पाडली. टीका लिहिली, कादंबरी लिहिली, कविता लिहिली. आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ लिहिला. सन १९२७ मध्यें पुण्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. सन १९३४ मध्यें ते वारले.

आतां टीकाकार म्हणून आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. कोल्हटकरांचीं नाटकें आज वाचवत नाहींत. कथानकें रचलेलीं वाटतात; पात्रें बोलतात तीं एकमेकांशीं न बोलतां कोटी साधण्यासाठीं बोलतात; आणि पारशी रंगभूमीवरच्या चालींनीं त्या काळीं जी चमक आणली, ती चालींबरोबरच जुनी झाली. 'सुदाम्याचे पोहे' ह्यांची गोष्ट वेगळी. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्रयी अजून जिवंत आहे, कारण तेथें कोटी ही शोभेची वस्तु राहिली नसून ती पाहण्याची एक रीत झाली आहे. रूढींचें आणि भोळ्या समजुतींचें हंसें करतांना लेखक स्वतः त्या मंडळींत बसलेला आहे. तालुक्याच्या कोर्टाभोंवतीं जमणारी दुनिया ज्यानें रोज पाहिली, त्यालाच हें लिहितां आलें असतें, असें आम्हांस वाटतें. म्हणजे पोटाच्या धंद्याच्या 'पलीकडे' जाऊन त्यांनीं जें शोधिलें त्यापेक्षां, धंद्याच्या ओट्यावर बसून त्यांनीं जें पाहिलें तें अधिक टिकलें. काम एकीकडे आणि आत्म्याचें समाधान दुसरीकडे, अशी सरळ रेघ ओढणाऱ्या आमच्या सात पुस्तकांना हें उदाहरण अडचणीचें आहे.

मग नाटकांत घातलेलीं तीं वर्षें फुकट गेलीं काय? फळावरून झाडाची परीक्षा करावी हें खरें, पण कोणत्या फळावरून? राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरु मानीत. बाळकराम, भांबूराव आणि तिंबूनाना ह्यांचा वंश सुदाम्याच्याच घराण्यांतला आहे, आणि पुढें चिं. वि. जोशांचा चिमणराव ज्या अंगणांत वावरला तेंहि ह्याच वाड्याचें. शिष्य गुरूच्या पुढें गेला, आणि सन १९१९ मध्यें सावनेरास तो गुरूच्या आधीं निघूनहि गेला. जळगांव-जामोदच्या वकिलाच्या नाटकांतलीं वाक्यें कोणी तरी मन लावून ऐकलीं होतीं, आणि त्या ऐकण्यांतून 'एकच प्याला' लिहिणारा नाटककार घडला, हा जमाखर्च कोणत्या वहींत मांडावा?

आणि 'भारतीय ज्योतिर्गणिता'चें काय? तें ना रंगभूमीसाठीं, ना टाळ्यांसाठीं. ग्रहांचें गणित मांडीत बसलेल्या ह्या वकिलाचें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. आमच्या परिचयाचे वकील संध्याकाळीं काय करतात हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांची निंदा करण्याचा हेतु नाहीं, पण ग्रहगणित करीत नाहींत एवढें निश्चित. येथें मात्र आम्हांस वाटतें कीं ठेव्याची उपमा देणाऱ्यांच्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. कांहीं समाधानें अशीं असतात कीं त्यांना दुसरा कोणी लागत नाहीं.

तरीहि कोल्हटकर एकटे नव्हते. सन १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललेलें 'विविधज्ञानविस्तार' हें मासिक होतें, आणि त्यानें सुदाम्याला जागा दिली. दूरच्या तालुक्याच्या गांवाहून आलेलें लिफाफ्यांतलें हस्तलिखित मुंबईंत कोणी तरी उघडीत होतें, वाचीत होतें आणि पुढचें पाठवा म्हणून कळवीत होतें. मासिकाचा वर्गणीदार हा गिऱ्हाईक खराच, पण तो नुसता गिऱ्हाईक नव्हता. तो उत्तर देई, वाद घाली, रागावे. आजच्या चंगळवादानें मनुष्याची पैशाची उधळपट्टी केली ही तक्रार जुनी आहे. आमची तक्रार अशी कीं त्यानें ऐकणाऱ्याचें रूपांतर गिऱ्हाइकांत केलें. गिऱ्हाइकाला तयार माल लागतो. ज्याचा गळा अजून तयार होतो आहे त्याच्याजवळ बसून राहण्याची त्याला सवड नसते. गांवांतल्या एखाद्या पोरीनें कविता म्हणून दाखविली तर चार नातलग तिच्याकडे न पाहतां तिचें चलच्चित्र टिपून घेतात, आणि तें कोणास किती आवडलें ह्याचा आंकडा मोजीत बसतात. कविता कशी होती असें विचारलें तर त्यांतल्या एकालाहि सांगतां येत नाहीं.

ह्या विचारास खरी कसोटी बहिणाबाई चौधरींची आहे. सन १८८० मध्यें जळगांवाजवळच्या असोद्यास जन्म, तेराव्या वर्षीं लग्न, ऐन तिशींत वैधव्य, पदरीं तीन मुलें, आणि जन्मभर शेत व घर. अक्षरओळख नाहीं. घरोट फिरवितांना आणि शेतांत राबतांना त्या गाणीं रचीत. मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसबंधु तीं लिहून घेत. सन १९५१ च्या डिसेंबरांत त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि सन १९५२ मध्यें अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' छापून निघालीं. आज त्यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे.

शाळेंतून बहिणाबाई ज्या रीतीनें शिकविल्या जातात ती आम्हांस बिलकुल पसंत नाहीं. 'अशिक्षित असूनहि' ह्या दोन शब्दांनीं धडा सुरू होतो आणि कौतुकानें संपतो. जणूं कांहीं निरक्षरता हा एक दागिना होता, आणि तो अंगावर असल्यामुळें कविता अधिक शोभली! त्यांच्या कवितेची खरी थोरवी निराळीच आहे. मोट, पेरणी, कापणी, उपणणी, घरोट हे त्यांचे विषय. म्हणजे कामाची यादीच म्हणाना. पण त्यांनीं कामावर कविता केली असें म्हटल्यानें पुरें होत नाहीं. जात्याच्या फेऱ्याला जो वेळ लागतो त्या वेळांतच ओवीचा चरण पुरा होतो. श्वास जेथें बदलतो तेथें ओळ बदलते. शहरचा कवि सुगरणीचा खोपा पाहून हळवा होईल. बहिणाबाई त्याकडे एका कारागिरानें दुसऱ्या कारागिराचें काम पाहावें तशा पाहतात, आणि एवढ्याशा चोंचीनें हें केलें तर दोन हातांच्या माणसानें काय करावें, हा हिशेब त्यांच्या मनांत लगेच उभा राहतो. हा हिशेब हात चालवीत जन्म काढलेल्या बाईचा आहे. कामापासून पळून जाऊन हें समाधान मिळालेलें नाहीं; आणि काम आनंदाचें होतें असेंहि नाहीं. तें काबाडकष्टाचें होतें. त्यांत गाणें कोठून आलें, ह्याचें उत्तर कोणत्याहि प्रश्नावलींत सांपडणार नाहीं.

परंतु आमचा मुद्दा त्या वहीचा आहे. ती वही नसती तर? सोपानदेव स्वतः नाणावलेले कवि होते, आणि त्यांची भाषा ग्रंथांतली होती. अशा सुशिक्षित मुलाला आईच्या खेडवळ बोलींत कविता ऐकूं येणें, ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. आईचें गाणें तो जन्मापासून ऐकत असतो. त्याला तें भांड्यांच्या आवाजासारखें होऊन जातें. सोपानदेवांनीं तें ऐकलें आणि शब्द न सुधारतां लिहून घेतलें. त्यांच्या स्वतःच्या कवितेपेक्षां हें लेखनिकाचें काम मराठीला अधिक मोलाचें ठरलें असें म्हटलें, तर त्यांचा अवमान होतो असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांचा मोठा गुण, कदाचित्, तोच होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. वही असो वा नसो, बहिणाबाईंना गाण्याचा जो आनंद मिळाला तो मिळालाच असता. लिहून घेणारा मुलगा मोठा होण्यापूर्वींहि त्या गातच होत्या. आनंदाला साक्षीदार लागत नाहीं. आम्ही आमचें म्हणणें तेवढ्यापुरतें मागें घेतों. समाधान एकट्यालाहि मिळतें. पण हा आपला गुण आहे हें मनुष्याला एकट्याला क्वचितच कळतें. जात्यावरच्या बाईला तें दळणाचाच एक भाग वाटतें, आणि वकिलाला ती रिकामटेकडेपणाची खोड वाटते. 'शोध' लागतो तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेंहि येतो, आणि तो अधिक बोंचणारा आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' सन १९६० मध्यें प्रसिद्ध झाली. वऱ्हाडी बोलीची ताकद मराठी कादंबरींत इतकी पूर्णपणें त्यापूर्वीं कोणीं वापरली नव्हती. तींतली कौतिक वाचल्यावर गुणशोधनाच्या गोष्टी बोलावयास जीभ रेटत नाहीं. नवरा घर सांभाळीत नाहीं, मुलाला शिकवावयाचें आहे, आणि उद्यांच्या भाकरीचा ठिकाणा नाहीं. कामाच्या पलीकडचें समाधान तिनें केव्हां शोधावें? ज्याला काम आहे, पगार आहे आणि खरेदीचा कंटाळा येण्याइतकी खरेदी ज्यानें केलेली आहे, त्याच्यासाठींच तीं सात पुस्तकें लिहिलेलीं आहेत. त्यांच्या लेखकांनीं हें मनाशीं तरी कबूल करावयास हवें होतें. शेळक्यांनीं मात्र कौतिकेला कोणताहि कलागुण चिकटविला नाहीं, ही त्यांची मोठी सचोटी. तिची जिद्द हीच तिची उंची आहे, आणि ती त्यांनीं ऐकली. एका अर्थीं तीहि एक वहीच आहे.

आतां रिकाम्या वेळेविषयीं दोन शब्द. आंबियाबहर धरावयाचा असेल तर बागवान हिवाळ्यांत झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. पानें मलूल होतात, नवख्या माणसाला वाटतें बाग वाळली. मग पाणी सोडलें कीं जानेवारी-फेब्रुवारींत झाड फुलतें. ह्या ताणाच्या दिवसांत अवेळीं पाऊस आला तर ताण मोडतो. झाड हिरवेंगार दिसतें आणि फूल धरीत नाहीं. उपमा फार ओढूं नये हें आम्ही जाणतों, आणि दुसऱ्याच्या उपमेवर वर टीका केली असल्यामुळें आम्हांस तर ती जपूनच वापरली पाहिजे. तरी पण आमच्या घरांतल्या मुलांच्या सुट्ट्या पाहिल्या म्हणजे हा मोडलेला ताण आठवतो. सकाळीं चित्रकलेचा वर्ग, दुपारीं व्यक्तिमत्त्वविकासाचा, संध्याकाळीं तबल्याचा, आणि मधल्या फटींत हातांतला पडदा. कोठेंहि कोरड नाहीं. मुलें तजेलदार दिसतात. आईबापांनीं पैसे मोजलेले असतात, हेतुहि चांगला असतो. फक्त त्या मुलानें कंटाळून, भिंतीवर कोळशानें कांहीं काढावें आणि आजीनें तें पाहून हंसावें, एवढी जागा उरलेली नसते.

एवढें सगळें लिहिल्यावर स्वतःविषयीं गप्प बसणें लबाडीचें होईल. आमच्या घरीं आमच्या आत्याबाई होत्या. गांवांत पिठाची गिरणी आल्यावरहि पुरणाची डाळ आणि भाजणी त्या घरच्या जात्यावरच दळीत, आणि दळतांना गात. नेहमींच्या ओव्यांत रोज एक-दोन नव्या ओव्या पडत. बाग उधळून लावणारें वारें, उक्ता सौदा करून भाव पाडणारा व्यापारी, आमच्या आजोबांचा राग, कोणाच्या घरचें बाळंतपण, सर्व त्यांत येई. आम्ही कॉलेजांत शिकत होतों. एका दिवाळीच्या सुट्टींत परीक्षेची तयारी करीत ओसरीवर बसलों असतांना आंतून गाणें सुरू झालें, आणि आम्ही ओरडून म्हणालों, "आत्याबाई, थोड्या थांबा ना, अभ्यास आहे." आंतून "बरं बापू" असें उत्तर आलें. जात्याचा आवाज राहिला, गाणें थांबलें. आमच्यापुढें जें पुस्तक उघडें होतें तें 'बहिणाबाईंचीं गाणीं' होतें.

त्या दिवसानंतर आम्ही घरांत असतांना त्या मोठ्यानें गाइल्याचें आम्हांस आठवत नाहीं. परीक्षेंत बहिणाबाईंवर प्रश्न आला, उत्तर बरें लिहिलें गेलें, गुणहि बरे मिळाले. त्यांना जाऊन आतां अडतीस वर्षें झालीं. दोन ओव्यांचे अर्धे अर्धे तुकडे आमच्या डोक्यांत आहेत. ते येथें देत नाहीं, कारण त्यांत त्यांचे शब्द किती आणि मागाहून आम्हीं भरलेले किती, हें आम्हांसच ठरवितां येत नाहीं.

पुतण्याला आम्हीं आमचें मत सांगितलें. त्यानें पुस्तकें पिशवींत भरलीं आणि आजीचीं गाणीं आणखी कोणाला येतात काय, असें विचारलें. शेंदुरजनाघाटास त्यांच्याबरोबर दळावयास बसणारी एक मावशी अजून आहे. वय फार झालें आहे, ऐकूं कमी येतें. तो तिच्याकडे दोनदां जाऊन आला. पहिल्या वेळीं तिनें त्याला ओळखलें नाहीं. दुसऱ्या वेळीं तो वही घेऊन गेला होता.